मुक्या जिवांचे ऋण आणि कृत्रिम हृदय

काही महिन्यांपूर्वी एका गोशाळेचा वार्षिक कार्यक्रम आटोपल्यावर चहापानाच्या वेळी एक विषय निघाला. संपूर्ण कृत्रिम हृदयाच्या आधारे ऑस्ट्रेलियातील एका रुग्णाने शंभराहून अधिक दिवस काढले, ही वार्ता मार्च २०२५ मध्ये जगभर प्रसिद्ध झाली होती. त्याच यंत्राची परीक्षा आधी वासरांवर झाली होती, हेही कुणीतरी सांगितले. गोसेवेत पंचवीस वर्षे घालविलेले आमचे एक ज्येष्ठ कार्यकर्ते ते ऐकून अस्वस्थ झाले. "असल्या प्रयोगांवर सरळ बंदीच घातली पाहिजे," असे ते म्हणाले. त्यांच्या पत्नी शेजारीच बसल्या होत्या. बारा वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात कृत्रिम झडप बसविलेली आहे. त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, माझी झडप आधी मेंढ्यांत बसवून पाहिली होती, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. मग मी काय करू?"

त्या प्रश्नावर कुणी काही बोलले नाही. पशुवैद्यक म्हणून आयुष्य गेल्यामुळे उत्तराच्या अपेक्षेने सर्वांनी माझ्याकडे पाहिले. परंतु त्या वेळी मलाही नीट उत्तर देता आले नाही. राहून गेलेले ते उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

पंप साधला, रक्त साधेना

हृदय हा एक पंप आहे, तेव्हा त्याच्या जागी दुसरा पंप बसविता येईल, ही कल्पना समजावयास सोपी आहे. डॉ. विलेम कोल्फ या डच वैद्याने, ज्याने नाझींच्या ताब्यातील हॉलंडमध्ये कृत्रिम मूत्रपिंड घडविले होते, डॉ. तेत्सुझो अकुत्सु या जपानी सहकाऱ्यासह १९५७ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे एका कुत्र्याच्या छातीत असा पंप बसविला. ते कुत्रे सुमारे दीड तास जगले. पुढे कोल्फ युटा विद्यापीठात गेले आणि प्रयोगांसाठी वासरांची निवड झाली. सुमारे नव्वद-शंभर किलो वजनाच्या वासराची छाती प्रौढ माणसासाठी बनविलेल्या यंत्राला पुरेशी असते, त्याचा स्वभाव शांत असतो आणि शस्त्रक्रियेनंतर ते लवकर उभे राहते. १९८१ साली युटातील एक वासरू कृत्रिम हृदयावर २६८ दिवस जगले. या शस्त्रक्रियांमागे डॉ. डॉन ओल्सेन हे पशुवैद्यक होते, ही गोष्ट आमच्या व्यवसायाबाहेर फारशी कुणाला ठाऊक नसते.

दीड तासापासून २६८ दिवसांपर्यंतचा हा प्रवास बहुतांशी रक्त आणि रक्तवाहिन्या यांच्याशी झालेला झगडा आहे. पंप चालत राहिला तरी प्राणी दगावत. रक्त गोठण्याची कारणे तीन : वाहिनीच्या अस्तरात बिघाड, प्रवाह मंदावणे आणि रक्ताचा स्वतःचा गोठण्याकडे झुकलेला कल. विर्शो या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ही त्रयी ओळखली जाते. कृत्रिम हृदयात तिन्ही कारणे एकत्र नांदतात. यंत्राच्या आतील पृष्ठभागाला जिवंत अस्तर नसते. झडपांच्या मागे आणि कोपऱ्यांत रक्त रेंगाळते. पेशी घासून फुटल्या की रक्ताचे घटकही बिथरतात. तेथे तयार झालेली गुठळी निसटली, की ती मूत्रपिंडात, प्लीहेत किंवा मेंदूत जाऊन अडकते.

दुसरी अडचण सांध्याची. यंत्राची नळी जेथे महाधमनीला किंवा हृदयाच्या उरलेल्या वरच्या कप्प्याला शिवलेली असते, तेथून शरीर स्वतःची ऊती वाढवू लागते. हे एरवी जखम भरून येण्याचेच लक्षण. पण वाढत्या वासरात ही वाढ इतकी जोमाने होते की, रक्त आत येण्याचे तोंडच अरुंद होऊन जाते. त्याच जोमाने पंपाच्या लवचिक पडद्यावर कॅल्शियमचे थर साचतात. यंत्राचा आकार किंचित मोठा झाला, तर महाशिरा किंवा फुप्फुसातून येणाऱ्या शिरा त्याखाली दबतात. मग शिरांतील दाब चढतो, यकृत सुजते, पोटात पाणी होते. शिवाय डाव्या आणि उजव्या बाजूंचा हिशेब कधीच सारखा नसतो. श्वासनलिकांना पोसणारे काही रक्त परस्पर डाव्या बाजूला परतते. म्हणून डाव्या पंपाने उजव्यापेक्षा थोडे अधिक रक्त ढकलावे लागते. निसर्गाचे हृदय हा मेळ आपोआप घालते. यंत्राला तो शिकवावा लागला.

या प्रत्येक अडचणीवर उपाय शोधण्यात दशके गेली. आधी हेपॅरिन आणि नंतर वॉर्फरिन देऊन रक्त किती पातळ ठेवावयाचे, याचे दररोज मोजमाप होऊ लागले. प्रमाण थोडे कमी झाले तर गुठळी, थोडे अधिक झाले तर रक्तस्राव. टाक्यांच्या जागेचे कडे कसे असावे, पृष्ठभाग गुळगुळीत असावा की खरबरीत, यावर प्रयोग झाले. टोकियो विद्यापीठातील संशोधकांनी यंत्राचा वेग ठरविण्याचे काम जणू रक्तवाहिन्यांकडेच सोपविले. वाहिन्या सैल झाल्या की प्रवाह वाढवावयाचा, आवळल्या की कमी करावयाचा. या पद्धतीने शिरांतील वाढत्या दाबाचा जुना त्रास आटोक्यात आला आणि एक शेळी कृत्रिम हृदयावर ५३२ दिवस जगली. शरीराचे ऐकणारे यंत्र शरीराला मानवले, हा त्यातील बोध.

ऑस्ट्रेलियाच्या डॅनियल टिम्स यांनी घडविलेल्या ज्या यंत्राची गोशाळेत चर्चा झाली, त्यात एकच फिरता भाग आहे आणि तो चुंबकीय बलाने अधांतरी तोलून धरलेला आहे. रक्त रेंगाळू नये आणि पेशी चिरडल्या जाऊ नयेत, एवढ्यासाठी ही सारी रचना. पूर्वी वासरांच्या शवविच्छेदनात ज्या जागी गुठळ्या सापडत, त्या जागाच या यंत्रातून काढून टाकल्या आहेत, असे म्हटले तरी चालेल.

न वाचलेला इशारा

मुका जीव आपल्या शरीराने साक्ष देतो. ती साक्ष वाचणे हे माणसाचे काम, आणि तेथे माणूस अनेकदा चुकला आहे.

अमेरिकेतील ह्यूस्टन येथे एप्रिल १९६९ मध्ये डॉ. डेंटन कूली यांनी एका रुग्णाला जगातील पहिले संपूर्ण कृत्रिम हृदय बसविले. तत्पूर्वी ते यंत्र ज्या वासरांवर वापरले गेले होते, त्यांपैकी एकही पुरते दोन दिवस जगले नव्हते. यंत्र अजून माणसासाठी सिद्ध झालेले नाही, असेच ती वासरे सांगत होती. रुग्ण त्या यंत्रावर सुमारे ६४ तास राहिला. नंतर त्याला दात्याचे हृदय मिळाले, पण तो वाचला नाही. त्यावरून जो वाद उठला, तो वैद्यकाच्या इतिहासात आजही गाजतो आहे.

दुसरे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. १९८२ च्या डिसेंबरात युटामध्ये डॉ. बार्नी क्लार्क या दंतवैद्याला 'जार्विक-७' हे हृदय बसविण्यात आले. ते ११२ दिवस जगले. १९८४ साली विल्यम श्रोडर यांना तेच यंत्र बसविले गेले. ते ६२० दिवस जगले, परंतु वारंवार आलेल्या पक्षाघाताच्या झटक्यांनी त्यांचे जगणे दुःसह झाले. वासरांनी याची पूर्वसूचना का दिली नाही? याचे एक संभाव्य उत्तर पशूंच्या शरीररचनेत आहे. गाय, शेळी, मेंढी यांच्या मेंदूच्या तळाशी सूक्ष्म धमन्यांचे दाट जाळे असते आणि मेंदूकडे जाणारे रक्त त्या जाळ्यातून जाते. माणसात असे जाळे नाही. लहान गुठळ्या या चाळणीत अडकून वासराचा मेंदू बचावत असावा. पण त्याच वासराच्या मूत्रपिंडांत रक्तपुरवठा तुटल्याचे डाग शवविच्छेदनात दिसत. वासरू चालत होते, खात होते, रवंथ करीत होते, एवढ्यावर ज्याने समाधान मानले त्याची फसगत झाली. मूत्रपिंडावरील डाग ज्याने गंभीरपणे वाचले, त्याला पुढचे संकट दिसू शकत होते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे : प्राण्याचा प्राण घेऊन मिळालेले ज्ञान अपुरे वाचणे, दडविणे किंवा विसरणे हे क्रौर्यच आहे. पिंजऱ्यातील क्रौर्य डोळ्यांना दिसते, कपाटातील फाइलीत दडलेले दिसत नाही, एवढाच फरक.

आपल्या घरातील दोन मते

या विषयावर आपल्या विचारपरिवारातही दोन टोके आढळतात. गोवंशावर कोणताही प्रयोग म्हणजे पातक, तो भारतात होता कामा नये, असे एक मत. माणसाच्या प्राणापुढे पशूच्या प्राणाचे काय एवढे, असे दुसरे. गायीकडे पाहण्याच्या दृष्टीविषयीचा मतभेद महाराष्ट्राला नवा नाही. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी गायीला उपयुक्त पशू मानून तिच्या उत्तम संगोपनाचा आग्रह धरला आणि पूजेला विरोध केला. विनोबांनी १९७९ साली गोवधबंदीसाठी उपोषण केले. दोघांच्या भूमिकांत अंतर मोठे होते, पण गायीची हेळसांड मात्र दोघांनाही मान्य नव्हती.

पहिल्या मताच्या मंडळींना मी आदरपूर्वक काही गोष्टी सांगू इच्छितो. रक्त पातळ ठेवणाऱ्या ज्या गोळीवर लक्षावधी हृदयरुग्ण जगतात, त्या वॉर्फरिनचा उगम गोठ्यात आहे. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरसलेले गोड क्लोव्हर गवत खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. १९३३ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी मेलेली कालवड आणि न गोठलेल्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन घेऊन हिमवादळातून कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पोहोचला. त्या रक्तातून सुरू झालेल्या संशोधनातून पुढे हे औषध निघाले. आज जगातील बहुतेक हेपॅरिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून बनते. हृदयाच्या अनेक झडपा गोवंशाच्या हृदयावरणापासून तयार होतात. फ्रान्समध्ये घडविलेल्या आणि २०१३ साली प्रथम माणसात बसविलेल्या कृत्रिम हृदयातही रक्ताचा स्पर्श होणाऱ्या भागांत तेच वापरलेले आहे. प्रयोग परदेशात व्हावेत आणि फळ तेवढे आपण आयात करावे, यात पातक टळत नाही. ते फक्त नजरेआड होते. शिवाय आयात केलेले फळ महाग असते आणि गरीब रुग्णाला ते मिळत नाही.

दुसऱ्या मताच्या मंडळींना आपल्याच परंपरेतील एक दाखला द्यावासा वाटतो. सुश्रुतसंहितेत शिष्याला शस्त्रकर्माचा सराव कसा द्यावा, याचे विवेचन आहे. छेद घेण्याचा सराव कोहळा-दुधीसारख्या फळांवर करावा आणि शिरावेधाचा सराव मेलेल्या पशूंच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर करावा, असे तेथे सांगितले आहे. त्या काळी कृत्रिम हृदय होते, असला पोकळ दावा करण्याची आपल्याला गरज नाही. आपल्या पूर्वजांनी रक्तवाहिनीला हात घालण्याआधी निर्जीव पर्याय वापरावयास सांगितले, हे पुरेसे मोलाचे आहे. पाश्चात्त्य जगात रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली पर्याय शोधणे, संख्या घटविणे आणि वेदना कमी करणे ही त्रिसूत्री मांडली. कमळाच्या देठावर शिरावेध शिकविणाऱ्या भूमीत ही त्रिसूत्री परकी वाटण्याचे कारण नाही.

आपल्या गृहस्थाश्रमाच्या नित्यकर्मांत भूतयज्ञ सांगितला आहे. आपल्या अन्नातील वाटा इतर जिवांसाठी काढून ठेवावयाचा, कारण आपण त्यांचे ऋणी असतो. ऋण मानणारा मनुष्य घेतलेले नाकारत नाही आणि फेडण्याचे टाळतही नाही.

स्वदेशी हृदयाची वाट

भारतात हे काम व्हावे काय? माझे उत्तर होकारार्थी आहे, आणि त्यासाठी आपल्यापुढे एक उज्ज्वल उदाहरण आहे. तिरुअनंतपुरम् येथील श्री चित्रा तिरुनल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांनी हृदयाची स्वदेशी झडप घडविली. त्रावणकोर राजघराण्याने दिलेल्या सॅटेलमंड राजवाड्यात हे काम चालले. एकापाठोपाठ एक तीन नमुने अपयशी ठरले. प्रत्येक अपयशाचे कारण शोधून धातू बदलला, तबकडीचे द्रव्य बदलले, यंत्रावर आणि मेंढ्यांवर पुन्हा परीक्षा झाली आणि चौथा नमुना टिकला. डिसेंबर १९९० मध्ये ती झडप प्रथम रुग्णाला बसविली गेली. तेव्हापासून एक लाखाहून अधिक रुग्णांना ती लाभली, आणि तीही विदेशी झडपेच्या मानाने पुष्कळ कमी किमतीत. याच वलियाथनांनी पुढे चरक, सुश्रुत आणि वाग्भट यांचा साक्षेपी अभ्यास करून ग्रंथ लिहिले. २०२४ साली ते निवर्तले. अपयश न लपविण्याचा त्यांचा वारसा आपण चालविला पाहिजे.

आयआयटी कानपूरने २०२१ च्या अखेरीस 'हृदयंत्र' नावाचा कृत्रिम हृदयाचा प्रकल्प जाहीर केला. असे प्रकल्प देशात वाढतील, वाढावेत. मात्र त्यांच्याकडून समाजाने काही गोष्टी आग्रहाने मागितल्या पाहिजेत. पहिली ही की, संगणकावरील प्रतिकृती, काचेच्या नळ्यांतील प्रवाह आणि रक्तपेढीत कालबाह्य ठरलेले रक्त यांवर जे समजू शकते, ते सर्व समजून झाल्याशिवाय जिवंत प्राण्याला हात लावू नये. दुसरी, प्रश्न पाहून प्राणी निवडावा. सांध्याजवळील ऊतीची वाढ झपाट्याने वाढणारे वासरू चटकन दाखवील, पण मेंदूतील गुठळीविषयी त्याच्या मेंदूवर विसंबू नये, मूत्रपिंडे तपासावीत. तिसरी, प्रयोगाच्या पथकात पशुवैद्यकाला शल्यविशारदाच्या बरोबरीचे स्थान असावे आणि प्राण्याची वेदना असह्य होताच प्रयोग थांबविण्याचा अधिकार त्याला असावा. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, प्रत्येक प्राण्याच्या शवविच्छेदनाचा वृत्तांत, विशेषतः अपयशाचा, इतर संस्थांना खुला असावा. एका संस्थेत ज्या चुकीमुळे वासरू मेले, त्याच चुकीमुळे दुसऱ्या संस्थेत दुसरे मरावे, याला संशोधन म्हणता येणार नाही.

कायदा या बाबतीत आपल्या बाजूचा आहे. विख्यात नर्तकी रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेल्या आग्रहातून प्राण्यांवरील क्रौर्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आला. प्रयोग टाळता येत असेल तर टाळावा, लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा घेऊ नये, बधिरीकरण द्यावे, प्रयोगाच्या आधी आणि नंतर प्राण्याची नीट निगा राखावी, नोंदी ठेवाव्यात, ही तत्त्वे त्यातच नमूद आहेत. १९९८ च्या नियमांनुसार प्रत्येक प्रयोगशील संस्थेत एक नैतिकता समिती असावी लागते आणि तीत पशुवैद्यकाप्रमाणेच विज्ञानक्षेत्राबाहेरील, समाजाची जाण असलेल्या एका सदस्याचीही तरतूद आहे.

या शेवटच्या तरतुदीकडे गोसेवेतील कार्यकर्त्यांचे लक्ष वेधावयाचे आहे. मोर्चा काढणे सोपे आहे, त्या समितीच्या बैठकीस बसून प्रस्तावाचे चाळीस पानी बाड वाचणे आणि "मागील तीन वासरांच्या मूत्रपिंडांत काय आढळले?" हा प्रश्न विचारणे कठीण आहे. पण जनावराचे कान गळाले, रवंथ थांबले, एक पाय आखडला, हे ज्याला दुरून ओळखता येते, असा माणूस गोशाळेतच घडतो. त्याने थोडा अभ्यास केला, तर त्या खुर्चीसाठी त्याच्याइतका योग्य माणूस शोधूनही सापडणार नाही. प्रयोगातून वाचलेल्या प्राण्यांना उरलेले आयुष्य सुखाने काढता यावे, यासाठीही आपल्या गोशाळांनी दारे उघडावीत. एरवी आपण भाकड गायी सांभाळतोच. मानवासाठी कष्ट सोसलेल्या मेंढीला त्याच दावणीत जागा देण्यास कुणाची हरकत असेल, असे वाटत नाही.

चहाच्या वेळी वहिनींनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. वहिनी, झडप तुमची आहे, ती सुखाने चालू द्या. रोजची गोळी वेळेवर घ्या आणि रक्ताची तपासणी चुकवू नका. त्या झडपेमागे ज्या मेंढ्या आहेत, त्यांचे तुम्ही काही हिरावून घेतलेले नाही. त्यांचे देणे आपल्या सर्वांवर आहे. तुमच्या यजमानांना एवढेच सांगा की, जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा महानगरात जेथे असे प्रयोग चालतात, तेथील समितीत जाण्याची तयारी आजपासून करावी. वासरांसाठी त्यांच्या डोळ्यांत आलेले पाणी खरे होते. त्या पाण्याला आता अभ्यासाची जोड हवी.